‘प्रलय’ का खोडता?

तुमच्या कालच्या बातमीतला ‘जलप्रलय’ मी का खोडला, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मजकूर तपासताना ‘जलप्रलय’ दिसला की मी तो खोडून ‘पूर’ किंवा ‘महापूर’ लिहिते. का, हा प्रश्न दर पावसाळ्यात मला कुणी ना कुणी विचारतंच.

प्रलय या शब्दात ‘लय’ आहे, म्हणजे विरून जाणं. पुराणांतल्या मोठ्या प्रलयात पृथ्वी पाण्यात, पाणी अग्नीत, अग्नी वायूत, वायू आकाशात मिसळतो. किती हानी झाली हे मोजायला मागे कुणीच उरत नाही. त्या शब्दात थैमान असायलाच हवं असंही नाही. समर्थांनी दासबोधात पाच प्रळय सांगितले आहेत. माणसाची झोप आणि मरण, ब्रह्मदेवाची झोप आणि मरण, आणि पाचवा विवेकाचा. आपण रोज रात्री निजतो तोही त्यांच्या लेखी प्रळयच!

पूर येतो तेव्हा मात्र माणसं मागे उरतात. चिखल उपसतात, पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट बघतात. सांगलीत 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं. तिथल्या कुणाशीही बोला, तो ‘प्रलय आला’ म्हणणार नाही. ‘पाणी किती फुटांवर गेलं’, ‘आमच्यात माळ्यापर्यंत आलं होतं’ असंच म्हणेल. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आकडे तिथल्या पोराटोरांना पाठ असतात. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांची भाषा एवढी नेमकी असताना आपण लांब बसून ती फुगवावी, हे मला पटत नाही.

पण मला खरं खुपतं ते वेगळंच. प्रलय कुणी घडवत नाही, तो काळाच्या पोटातून येतो. एकदा तो शब्द वापरला की कुणाला जाब विचारायची सोय राहत नाही. 12 जुलै 1961 ला पुण्यात जे झालं त्यालाही पुष्कळांनी प्रलय म्हटलं. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधून झालं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठवलं गेलं. बांध खचायला लागला तेव्हा आदल्या रात्री जवान त्याच्या माथ्यावर वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खालचं खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुढे चौकशी आयोग बसला. प्रलयावर कधी आयोग बसतो का? जुने पुणेकर आजही ‘पानशेत फुटलं’ म्हणतात. त्या क्रियापदात धरण आहे, आणि धरण म्हटलं की ते बांधणारे आलेच.

एकदा मात्र मी तो शब्द राहू दिला. आंबेगाव तालुक्यातलं माळीण, 30 जुलै 2014. डोंगराचा कडा खाली आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळलं ते एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीच्या फेरीला आला, तर जिथे गाव असायचं तिथे चिखल होता. गाव डोंगरात मिसळून गेलं होतं. ‘दरड कोसळली’ हे बरोबरच, आणि बातमीच्या मथळ्यात मी तेच ठेवलं. पण आतल्या लेखात एका मुलानं ‘माळीणचा प्रलय’ लिहिलं होतं, त्यावर माझी लेखणी चालली नाही. तिथे त्या शब्दाचा मूळ अर्थच उभा होता.

तेव्हा तुमच्या कालच्या बातमीत ‘जलप्रलय’ खोडलाय तो यासाठी. त्याच्या जागी धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, कधी सोडलं आणि खालच्या गावांना निरोप किती वाजता पोचला, तेवढं विचारून घाला.