उरलेली पानं चहाडी करतात

रहस्यकादंबरीत लेखकाने कितीही बंदोबस्त केला तरी एक चहाडखोर मोकळाच राहतो: उजव्या हातात उरलेल्या पानांची जाडी. पोलिसांनी संशयिताला बेड्या घातल्या, त्याने रडत रडत कबुलीही दिली, पण दीडशे पानं बाकी आहेत. म्हणजे हा बिचारा निर्दोष! स्क्रीनवर वाचणाऱ्यांची तर आणखी पंचाईत, तिथे कोपऱ्यात टक्केवारीच लिहिलेली असते.

अलीकडच्या ज्या थ्रिलर मला मनापासून आवडल्या, त्यांनी या चहाडखोराचं तोंड बंद करायची काही ना काही युक्ती काढली आहे. गिलियन फ्लिनची 'गॉन गर्ल' (२०१२) मोठा धक्का शेवटासाठी राखूनच ठेवत नाही. नवरा-बायको आळीपाळीने आपापली बाजू मांडतात, आपण पंच होऊन ऐकत बसतो, आणि ऐन मध्यावर पायाखालची जमीन सरकते. पुढे प्रश्न एवढाच, की आता हे दोघं करणार काय.

केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' तशी जुनी, मूळ जपानी २००५ची. इथे खून सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत होतो. पिच्छा न सोडणारा माजी नवरा, त्याला कंटाळलेली बाई, आणि शेजारी राहणारा गणिताचा मास्तर, जो प्रकरण निस्तरायला पुढे येतो. मग उरलं काय? मास्तरने मांडलेलं गणित. सगळं ठाऊक असूनही आपण फसतो, आणि फसल्याचा राग येण्याऐवजी मास्तरसाठी जीव तुटतो.

ओयिंकन ब्रेथवेटची 'माय सिस्टर, द सीरियल किलर' (२०१८) चिमुकली आहे, पण सर्वांत जास्त मी तिच्याबद्दलच बोलत असते. धाकटीचा फोन येतो, प्रियकराला मारलंय. ही तिसरी खेप. लागोसमधली नर्स असलेली थोरली ब्लीच घेऊन निघते. सांदीकोपऱ्यातलं रक्त कसं काढायचं, हे ती अशा घरकामाच्या सुरात सांगते की हसू फुटतं, आणि लगेच ओशाळायला होतं. खुनी कोण हा प्रश्नच नाही. थोरली कुठवर पुसत राहणार, हा आहे.

ॲलेक्स मायकेलिडीजची 'द सायलेंट पेशंट' (२०१९) मात्र शेवटाच्या धक्क्यावरच उभी आहे. नवऱ्याला गोळ्या घालून मुकी झालेली चित्रकार आणि तिला बोलतं करायला निघालेला मानसोपचारतज्ज्ञ. धक्का जबरदस्त, पण एकदा कळल्यावर पुस्तक पुन्हा उघडावंसं वाटत नाही. लिझ मूरची 'द गॉड ऑफ द वूड्स' (२०२४) याच्या उलट. १९७५ सालच्या उन्हाळ्यात कॅम्पमधून मुलगी नाहीशी होते, तिचा भाऊही काही वर्षांपूर्वी तिथेच हरवलेला. पण आपण गुंततो ते मालक घराण्यात आणि त्यांच्या नोकरीवर जगणाऱ्या गावात.

एक मात्र करा, मलपृष्ठ वाचू नका. 'शेवट हादरवून टाकेल' असं तिथे छापलेलं असलं, की पहिल्या पानापासून आपण सगळ्यांवर संशय घेतो, अगदी घरातल्या कुत्र्यावरसुद्धा.