देवाचे गोठणे: होकायंत्र फिरतं, पण त्याआधी डोकं फिरतं

राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणेच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात जाऊ नका. बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल. कोकणातल्या कातळशिल्पांवर, म्हणजे कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांवर, एवढे व्हिडीओ आहेत, एलियन आहेत, पांडव आहेत, गुप्तधनाचे नकाशे आहेत, पण त्यातला एकही माणूस हे सांगत नाही की भर उन्हात ती चित्रं दिसतच नाहीत.

इथल्या चित्राजवळ होकायंत्र फिरतं म्हणतात, तेच बघायला आम्ही ज्या व्हिडीओच्या भरवशावर निघालो त्यातला माणूस हसत हसत सांगतो "गाडीपासून पाच मिनिटं". कुठली गाडी, कुठली पाच मिनिटं! खाली भार्गवरामाच्या देवळापाशी रिक्षा सोडली, चढ चढून वर आलो, चढ काही फार नाही, रोज जिने चढणाऱ्याला जमेल. खरा त्रास वर सुरू होतो. सडा म्हणजे नजर जाईल तिथवर काळा-तांबडा जांभा, मधे मधे वाळलेलं पिवळं गवत, सावलीला एक झाड नाही, आणि कातळ असा तापलेला की बुटाच्या तळव्यातून चटका बसतो. मॅपवरच्या पिनने आम्हाला नेऊन उभं केलं एका बंद चिरेखाणीच्या काठावर. तिथून उलट फिरलो तर ट्रकच्या चाकोऱ्या तीन दिशांना गेलेल्या, रेंज नाही, मित्र म्हणतोय डावीकडे, मी म्हणतोय उजवीकडे, आणि दोघांकडे मिळून एक लिटर पाणी. तासभर नुसते भाजलो. शेवटी गवत कापणाऱ्या एका मावशींनी हात करून जागा दाखवली आणि वर म्हणाल्या, "आता काय दिसनार तुमाला, उन्हं कलली की येवा."

अगदी बरोबर. चित्राभोवतीच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आत डोकावलो तर नुसता दगड. डोक्यावर सूर्य असला की खाचेत सावलीच पडत नाही, सगळा कातळ सपाट दिसतो. मित्र म्हणाला यासाठी एवढं चाललो? मी काही बोललो नाही, बोलायला थुंकी नव्हती तोंडात.

संध्याकाळी पुन्हा चढलो. हट्ट म्हणा. पाचच्या पुढे ऊन तिरपं झालं आणि त्याच दगडातून आडवा पडलेला आख्खा माणूस वर आला. खाच चांगली रुंद, काठ झिजून गोल झालेले, आणि आत बारीक वाळू साठलेली. दुपारी इथेच उभे होतो यावर विश्वास बसेना. मग होकायंत्र काढलं. मोबाईलचं नाही, साधं सुईवालं, कारण मोबाईलच्या कव्हरला चुंबक असेल तर घरच्या सोफ्यावरसुद्धा उत्तर दिशा फिरते आणि निम्मे व्हिडीओ त्यावरच चालतात. चित्राच्या बाहेरून धरलं, सुई शहाण्यासारखी उत्तरेला. चित्राजवळ नेलं तर सुई जी वळली ती वळलीच. मागे आणलं, परत जागेवर. आम्ही दोघं लहान पोरांसारखे हे किती वेळ करत बसलो काय माहीत, दुपारचा सगळा राग उतरला.

आता यावर थिअरी ऐका. रिक्षावाल्याच्या मते खाली खजिना आहे. वर भेटलेल्या एका ग्रुपच्या मते यान उतरायची खूण. माझं म्हणणं, एलियनवाल्यांनी आधी भर दुपारी त्या सड्यावर स्वतः उतरून दाखवावं. जांभ्यात लोह भरपूर असतं, आणि लोह असलेल्या दगडावर वीज पडली की तेवढ्या जागेला चुंबकत्व येतं हे माहितीतलं आहे. उघडा उंच सडा, वीज इथे नाही पडणार तर कुठे पडणार. म्हणजे सुई का फिरते याचं मला तरी फार कोडं वाटत नाही. मला पडलेलं कोडं असं की ज्यांच्याकडे लोखंडाची सुईच नव्हती त्यांनी नेमकी हीच जागा कशी निवडली? माझी आपली एक थिअरी: त्यांनी तिथे वीज पडताना पाहिली आणि त्या जागी माणूस कोरला. पुरावा शून्य. पण यानाच्या खुणेपेक्षा बरी आहे.

याच तालुक्यातल्या कशेळीचा कोरलेला हत्ती मात्र सरळ बघण्यासारखा आहे. साधारण १८ मीटर लांबीचा हत्ती आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, प्राणी असली लहानमोठी कितीतरी चित्रं. जमिनीवरून तो एका नजरेत मावत नाही, म्हणून लोक म्हणतात वरून बघणाऱ्यासाठीच काढला. अहो, दारातली मोठी रांगोळी आपण गच्चीवर जाऊन काढतो का? या चित्रांमध्ये गेंडाही सापडतो, जो आज कोकणात औषधालाही नाही. शेतीचं काही दिसत नाही म्हणून अभ्यासक ही चित्रं शिकार करून पोट भरणाऱ्या माणसांची धरतात, काळ हजारो वर्षं मागचा, पण नुसत्या कोरलेल्या दगडाचं वय थेट काढणं अवघड, त्यामुळे कुणी छातीठोकपणे "अमुक हजार वर्षं" म्हणालं की दोन पावलं मागे सरका. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे वगैरे मंडळींनी वर्षानुवर्षं सडे तुडवून ही शोधलीत, आणि २०२२ मध्ये कोकणातली आठ आणि गोव्यातलं एक ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं.

बारसू, हेही राजापूर तालुक्यातलंच: दोन वाघांच्या मधे उभा माणूस. सिंधू संस्कृतीच्या मुद्रेशी नातं जोडणारे इथे हमखास भेटतात. ऐकून घ्या, वाद घालू नका, ऊन असतं. रत्नागिरीजवळचं उक्षीचं कातळशिल्प सगळ्यात सोपं, वयस्कर माणसं बरोबर असतील तर तेवढंच करा. रत्नागिरीतले दिवस आणि समुद्र वगैरे मस्त गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पैशाचं सांगतो. राजापूर रोड स्टेशन राजापूर गावापासून चांगलंच लांब आहे, तिकीट काढताना नाव बघून फसू नका. आमच्या रिक्षावाल्याने आधी १५०० सांगितले आणि परतताना वेटिंगचे ६०० वर लावले, "तुम्ही हरवलात त्याला मी काय करू" म्हणाला. जाणं, येणं, थांबणं सगळं मिळून आकडा आधीच बोलून घ्या, आणि सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या असतील तर तेही. त्यापेक्षा स्वतःची बाईक बरी. आणि मॅप सोडा, गावातला एक माणूस बरोबर घ्या, त्याला तीनशे-चारशे द्या. आमचे फुकट गेलेले ६०० त्यालाच दिले असते तर आनंदाने दिले असते.

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, जाड तळव्याचे बूट. पावसाळ्यात सडा हिरवागार आणि सुंदर असतो म्हणे, पण कातळावर शेवाळ धरतं आणि खाचांत पाणी भरतं, चित्रासाठी जात असाल तर नकोच. फोटोत उठून दिसावं म्हणून खाचांत खडू नाहीतर रांगोळी भरणारे महाभाग आहेत, तसलं काही करू नका, आणि गडग्याच्या आत बूट घालून चित्रावर उभं राहू नका. ऊन तिरपं होईपर्यंत देवळात बसा, तिथे सावली आहे.