सोल्डानेला: आधी ओळख, मग माती

आल्प्समध्ये मे-जूनच्या सुमारास बर्फ मागे सरकायला लागला की त्याच्या कडेला, कधी थेट पातळ बर्फ भोकसून, बोटभर उंचीच्या दांड्यांवर जांभळ्या घंटा लोंबू लागतात. घंटेची कड इतकी बारीक चिरलेली, की परकराला झालर लावावी तशी. ही सोल्डानेला, प्रिम्युलाच्या कुळातली. पानं गोल नाण्यासारखी, म्हणून इटालियन ‘सोल्दो’ या नाण्यावरून हे नाव पडलं.

हिच्या कळ्या आदल्या शरद ऋतूतच पानांच्या बुडाशी तयार होऊन बसतात. वसंतात गडद रंगाचा दांडा पातळ बर्फातून झिरपणारं ऊन शोषतो आणि स्वतःभोवती छोटी पोकळी करून वर येतो. घरी वाढवताना फुलं का येत नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा याच कळ्यांत सापडतं. पण त्याआधी ओळख.

देवाणघेवाणीतून आलेल्या बियांच्या पाकिटांवरच्या नावावर फार विसंबू नका. या जातींचा आपसांत संकर होतो, आणि दोन जातींना माती अगदी उलट लागते. सोल्डानेला अल्पिना बहुधा चुनखडीच्या भागात सापडते. एका दांड्यावर 2 ते 3 फुलं, झालर निम्म्यापर्यंत किंवा त्याहून खोल, घशात 5 छोटे खवले आणि परागवाहिनी (फुलाच्या मधोमधची बारीक दांडी) घंटेच्या बाहेर डोकावणारी. सोल्डानेला पुसिला आम्लधर्मी, चुना नसलेल्या मातीतली. दांड्यावर एकच फूल, घंटा अरुंद, झालर जेमतेम पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, परागवाहिनी आतच. तिसरी मिनिमा. तीही एकफुली, पण चुनखडीतली. पान नखाएवढं आणि गोल, देठाजवळ खाच जवळपास नाहीच. पुसिलाच्या पानाला ती खाच असते. फुलाचा दांडा भिंगातून पाहिलात तर मिनिमावर देठ असलेल्या ग्रंथींची दाट लव दिसेल.

फुलं नसताना डोंगरात हमखास फसगत होते ती होमोजिने नावाच्या दुसऱ्याच एका रानझाडाच्या पानांनी. तीही गोल आणि जाडसर, शेजारीच उगवतात. पान उलटून बघा. होमोजिनेची कड दातेरी असते आणि खालच्या शिरांवर केस असतात. अल्पिनाचं पान चामड्यासारखं गुळगुळीत, कड सलग.

आल्प्सच्या बऱ्याच भागांत ही झाडं संरक्षित आहेत, तेव्हा डोंगरातून बिया खुडू नका. अल्पाइन वनस्पतींच्या संस्थांच्या बीज-वाटपातून घ्या. बागेतली स्वतःची असेल तर फूल गेल्यावर दांडा आणखी लांबतो आणि त्यावर लांबट बोंड ताठ उभं राहतं. ते तपकिरी होऊन टोकाचं टोपण सुटलं की त्याच दिवशी बिया काढा आणि शक्यतो लगेच पेरा. ताजं बी आणि सहा महिने कोरडं पडलेलं बी यांत फार फरक पडतो.

पेरणीसाठी 9 सेंमीची कुंडी पुरे. 2 भाग चाळलेलं पानांचं कुजलेलं खत, 1 भाग बागेची माती आणि 2 भाग 2 ते 4 मिमीची धुतलेली खडी. पुसिलासाठी खडी चुनखडीची नको आणि पाणी पावसाचंच द्या. नळाच्या जड पाण्याने पानं पिवळी पडतात. मिश्रण दाबून सपाट करा, वर 25 ते 30 बिया विरळ पसरा आणि त्यांवर खडीचा जेमतेम 3 मिमी थर द्या. बी मातीत गाडू नका, उजेड पोचायला हवा. पाणी वरून न घालता कुंडी थाळीत ठेवून खालून शोषू द्या.

मग कुंडी उत्तरेच्या बाजूला उघड्यावर ठेवून हिवाळा काढू द्या. बी जुनं असेल तर ओलसर वाळूत मिसळून फ्रिजमध्ये 4 अंशांवर 6 ते 8 आठवडे ठेवा आणि मग पेरा. वसंतात साधारण 10 अंशांच्या आसपास उगवण सुरू होते. पहिल्या वर्षी काहीच उगवलं नाही तरी कुंडी फेकू नका, दुसरा हिवाळाही काढू द्या. तोवर वर शेवाळ आणि लिव्हरवर्ट (शेवाळासारखीच चपटी, पसरणारी वनस्पती) चढतं. ते चिमट्याने काढत राहा, नाहीतर कोवळी रोपं त्याखाली गुदमरतात.

दोन-तीन खरी पानं आली की 7 सेंमीच्या कुंड्यांत एकेक रोप हलवा. मुळं केसासारखी असतात, तेव्हा रोप पानाला धरून उचला, देठाला नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात माती गोठून-वितळून रोपं वर ढकलली जातात आणि मुळं उघडी पडतात. दर आठवड्याला बघून बोटाने हलकेच दाबून बसवा. फूल साधारण तिसऱ्या वर्षी येतं.

आता त्या कळ्या. डोंगरात त्यांच्यावर सहा महिने बर्फाचं कोरडं पांघरूण असतं. सपाटीवरच्या बागेत त्याऐवजी पाऊस आणि गोगलगाय मिळते. बिनशंखाची छोटी गोगलगाय नोव्हेंबरपासून रात्री येऊन पानांच्या मध्यात दडलेल्या कळ्या खाते. पानं मात्र हिरवीगार राहतात, म्हणून वसंतापर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. ऑक्टोबरमध्येच कुंडीभोवती धारदार खडी पसरा, आठवड्यातून दोनदा टॉर्च घेऊन पानं उचलून बघा, आणि वर तिरकी काच ठेवून पाऊस अडवा. बाजू उघड्याच राहू द्या, हवा कोंडली की बुरशी धरते. झाड अचानक सैल होऊन हातात आलं तर मुळाशी सोंडकिड्याच्या पांढऱ्या अळ्या शोधा. त्यांच्यावर सूत्रकृमींचं (अळ्या मारणाऱ्या सूक्ष्म जंतांचं) द्रावण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, माती उबदार असतानाच द्यावं लागतं.

म्युनिक, झुरिक किंवा एडिंबरोत राहणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं. पुण्या-मुंबईत मात्र बी वाया घालवू नका. उन्हाळ्यातल्या रात्रीही थंड नसतील तर हे झाड तग धरत नाही. थंड देशातही ऑगस्टमध्ये कुंडी एक दिवस कोरडी पडली तर पानांच्या कडा जळतात आणि त्या वर्षीच्या कळ्या बसत नाहीत.

जम बसल्यावर दर दोन-तीन वर्षांनी, फुलं संपताच गड्डा सोडवून वेगळा करा. प्रत्येक तुकड्याला मुळं आहेत याची खात्री करून नव्या मिश्रणात लावा आणि महिनाभर सावलीत ठेवा.