14 लिटरचं पातेलं

लोकांच्या घरी जाऊन सणाचं जेवण करून द्यायचं, हे माझं काम. हॉल नाही, मोठं किचन नाही, त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्याच चार बर्नरवर 20-25 माणसांचं. लोकांना वाटतं अवघड भाग म्हणजे स्वयंपाक. तो हाताला येतो हो. खरी मारामारी बर्नर आणि फ्रिजची. पानं कधी वाढायची ते ठरवून उलटं मोजत यायचं, कुठला बर्नर कधी मोकळा होतोय ते. आणि माणसं पाचपट झाली म्हणून पाणी पाचपट घालायचं नसतं, कारण वाफ जाते ती पातेल्याच्या तोंडातून आणि तोंड काही पाचपट होत नाही. पहिल्यांदा एवढ्या माणसांचं करणारे सगळे इथेच फसतात, आणि मग दुपारी बारा वाजता पाणचट रस्सा आटवत बसतात.

असो. त्या दिवसाचं सांगतो.

घरच्या ताईंचा चार दिवस आधी फोन आला होता. 22 माणसं, पहिल्यांदाच सगळं त्यांच्याकडे. विचारत होत्या, दादा आदल्या दिवशी मी काय काय करून ठेवू? मी दुसऱ्या कामावर, फोन खांद्यात धरलेला, समोर कांदा करपायला आलेला, म्हटलं जेवढं होईल तेवढं करून ठेवा ताई, तेवढाच सकाळचा लोड कमी. एवढंच बोललो. हे लक्षात ठेवा.

सकाळी आठला पोचलो तर ओट्यावर दोन पातेली, वर झाकणं, मोठ्यावर जाड टॉवेल गुंडाळलेला. ताई एकदम खुशीत. भात आणि मटणाचा रस्सा तयार आहे, तुम्ही फक्त बाकीचं बघा. म्हटलं झाला कधी? रात्री साडेदहाला बंद केला. आणि तेव्हापासून इथेच? हो, गरम फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणतात ना, आणि जागा तरी कुठेय.

फ्रिज उघडून बघितला, खरंच जागा नव्हती. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांनी दोन कप्पे भरलेले. (सणाच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरात हेच. अहो, बाटल्या बर्फाच्या टबात राहतात, शिजवलेलं अन्न टबात कुठे ठेवणार.)

मी टोचायचा थर्मामीटर काढला. माझा हेल्पर हसतो त्याला, म्हणतो डॉक्टर आले. दर कामाआधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतोय का ते बघून घेतो, त्यामुळे त्याच्यावर माझा माझ्यापेक्षा जास्त भरवसा आहे. रस्सा चांगला ढवळून मधोमध टोचला. 38.

साडेनऊ तासांनी 38! टॉवेलनं काम चोख केलं होतं. आमच्यात हिशोब असा, 60 च्या वर असेल तर ठीक, 5 च्या खाली असेल तर ठीक, मधला पट्टा शक्य तेवढ्या लवकर ओलांडायचा. गरम अन्न 2 तासांत 21 पर्यंत आणि पुढच्या 4 तासांत 5 पर्यंत उतरलं पाहिजे. 14 लिटरचं पातेलं झाकून ठेवलं तर हे होणं शक्यच नाही, भरलेल्या फ्रिजमध्ये ठेवलं असतं तरी नाही, उलट शेजारचं दूधही कोमट झालं असतं. उपाय साधा आहे, परातीत दोन-तीन बोटं जाडीचा थर पसरायचा. थर निम्मा केला की वेळ निम्मा नाही, जवळजवळ पाव होतो. हे मी झोपेतही सांगेन. फोनवर नाही सांगितलं.

भाताबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की जागे होतात आणि जे विष तयार करतात ते परत उकळून जात नाही. भात गेला म्हणजे गेला.

रस्सा हीच माझी अडचण. ताई म्हणाल्या, दादा, खदखदून उकळूया ना अर्धा तास. सासूबाई म्हणाल्या आम्ही कायम असंच ठेवतो, कधी कुणाला काही झालं नाही. यावर काय बोलणार. मांसाच्या मोठ्या पातेल्यात जो जंतू वाढतो तो 43-45 अंशांना साधारण 10 मिनिटांत दुप्पट होतो, पण त्रास सुरू होतो खाल्ल्यावर 6 ते 24 तासांनी, पाहुणे तोवर आपापल्या घरी, जेवणाला दोष कोण देतो?

पण खरं सांगायचं तर तो जंतू चांगल्या उकळीनं मरतो. त्याचं विष पातेल्यात नाही, पोटात गेल्यावर तयार होतं. म्हणजे ताईंचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. फक्त पातेल्यात तो एकटाच आहे का दुसरंही कुणी आहे, हे थर्मामीटर सांगत नाही, वास सांगत नाही, चव तर अजिबात नाही. आणि येणाऱ्यांत दोन म्हातारी माणसं, एक बाई सात महिन्यांची गरोदर.

मी म्हटलं टाकायचा.

ताई काही बोलल्या नाहीत. आधीची संध्याकाळ त्यांनी त्यात घातली होती, मसाला स्वतः भाजलेला. हेल्पर पातेलं उचलायला गेला तर म्हणाल्या राहू दे, मीच नेते. पुढचे साडेपाच तास मी आयुष्यात केला नसेल एवढा वेगात स्वयंपाक केला, मेन्यूतले दोन पदार्थ उडवले, मटण सोडून पटकन शिजेल असा रस्सा टाकला, पानं दीड वाजता बसली. पाहुण्यांना कशाचा पत्ता नाही. एकजण म्हणालासुद्धा, रस्सा झकास झालाय. ताई हसल्या, माझ्याकडे बघितलं नाही.

निघताना दारात हिशोब झाला, पूर्ण पैसे दिले. मी चपला घालत होतो तेव्हा हळूच विचारलं, दादा, खरं सांगा, उकळून रस्सा चालला असता का हो?

मी नाही म्हटलं. लगेच. फोनवर मी काय बोललो होतो ते त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.