हजार शब्दांची हजेरी

अमेरिकन लेखक जॅक लंडनचं नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांपुढे बर्फ येतं, घसरगाडी ओढणारी कुत्री येतात, फार तर वादळात सापडलेलं एखादं जहाज. मला मात्र आधी एक टाइपरायटर आठवतो. तोही त्याचा नव्हता, मेहुण्याचा होता. दिवसा मेहुणा वापरणार, रात्री हा. त्यावर फक्त कॅपिटल अक्षरं उमटायची आणि कळा इतक्या जड, की बोटांना फोड यायचे, फुटायचे, पुन्हा यायचे. घराबाहेर लांबवर ढग गडगडल्यासारखा आवाज जायचा, असं त्यानेच पुढे लिहून ठेवलंय.

तोवर या पोराचं काय काय करून झालं होतं! १८७६ सालचा सॅन फ्रान्सिस्कोचा जन्म, घरात कायमची ओढाताण. तासाला दहा सेंटवर डबाबंद मालाच्या कारखान्यात राबला. मग कर्ज काढून होडी घेतली आणि रात्री लोकांच्या मालकीची कालवं (खाण्याचे शिंपले) चोरू लागला. पुढे चोरांना पकडणाऱ्या गस्तीतच भरती झाला (अनुभव होताच म्हणा). सीलच्या शिकारीवर जपानपर्यंत जाऊन आला, भटकेगिरीबद्दल तीस दिवस तुरुंगात बसला. त्या टाइपरायटरनंतर, १८९७ साली, सोनं शोधायला कॅनडाच्या उत्तरेकडल्या क्लोंडाइकला निघाला. वर्षभराचा शिधा जवळ हवा, म्हणून जवळपास टनभर सामान खेपा करकरून डोंगरावर चढवलं. सोनं म्हणावं तर चिमूटभर. स्कर्व्हीने (ताजं अन्न न मिळाल्याने होणारा रोग) हिरड्या मात्र सुजल्या. वर्षभरात परत.

पण खरं धाडस त्याने सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ओकलंडला घरी बसून केलं, असं मला वाटतं. पोस्टाच्या परीक्षेत पास झाला होता. महिना ६५ डॉलरची पोस्टमनची नोकरी समोर आली. तेव्हा लेखणीची कमाई काय? एका मासिकाने एका कथेचे पाच डॉलर देऊ केले होते. सायकल गहाण टाकायची, सोडवायची, परत टाकायची. साभार परत आलेल्या कथांचा ढीग वाढतोय. आणि तरी गड्याने नोकरीला नाही म्हटलं! आपल्याकडे असं करणाऱ्या मुलाला घरच्यांनी काय ऐकवलं असतं, ते वेगळं सांगायला नको.

मग त्याने स्वतःच स्वतःला कामावर ठेवलं. रोज हजार शब्द. बोटीवर असो, पाहुणे आलेले असोत, सकाळी बसून तेवढे लिहून उठायचं. स्फूर्ती बिर्ती येईल तेव्हा येवो. कारखान्यात मजुरी केलेल्या माणसालाच सुचावी अशी ही रीत. चाळीस वर्षांच्या आयुष्यात पन्नासच्या आसपास पुस्तकं झाली ती अशी.

त्यातली काही सुमार आहेत, ते त्याचे चाहतेही मान्य करतील. पण १९०३ साली याच हजेरीतून ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ आलं. बक नावाचा धष्टपुष्ट कुत्रा, कॅलिफोर्नियातल्या उन्हातल्या अंगणातून चोरून उत्तरेला विकलेला. लाल स्वेटरवाला माणूस त्याला सोट्याने झोडपतो, ती दोन पानं वाचताना माझे खांदे अजूनही आक्रसतात. एका साप्ताहिकाने ही कथा छापण्याचे ७५० डॉलर दिले. पुस्तकाचे सगळे हक्क त्याने प्रकाशकाला दोन हजारांत देऊन टाकले, एकरकमी. पुस्तक धडाधड खपलं, आणि त्या खपातला वाटा त्याला नाही!

पुढे पैसा आला तसा खर्चही आला. शेतमळा, जगप्रवासासाठी बांधून घेतलेली बोट, राहायला जायच्या आधीच १९१३ साली जळून गेलेला वाडा. हजार शब्द चालूच, पण कथानकं संपायला लागली. मग गडी ती चक्क विकत घेऊ लागला, सिंक्लेअर लुईस नावाच्या एका होतकरू पोराकडून, किरकोळ भावाने. त्यातल्या एकावर बेतलेली कादंबरी १९१६ साली तो गेला तेव्हा अपुरीच होती. कथानकं विकणाऱ्या पोराला मात्र १९३० साली साहित्याचं नोबेल मिळालं, अमेरिकेतलं पहिलं.