डेक उलटा केला तेव्हा

पोळ्याचा आदला दिवस, रात्र

आज सहाच्या सुमारास गवत कापायच्या गाडीचा डेक परत तिच्याखाली चढला. अकरा दिवस तो शेडमध्ये दोन लाकडी ठोकळ्यांवर उलटा पडून होता. येता-जाता नजर तिकडेच जायची.

नागपूरच्या उमरेड रोडवरचं आमचं लॉन दीड एकराचं. तुळशीचं लग्न लागलं की इथं मांडव पडतात, पण गवताची खरी मेहनत आता, पावसाळ्यात. एक आठवडा चुकला की हरळी घोटे झाकते. बसून चालवायची ही गवत कापायची गाडी आम्ही जुनीच घेतली होती. इंजिन अजून एका चावीत सुरू होतं. थकला तो डेक, म्हणजे गाडीच्या पोटाखालचा ४२ इंची पत्र्याचा पसरट डबा. त्यात दोन पाती फिरतात.

दुखणं आधी मामांनी ओळखलं. मामा म्हणजे आमचे माळी. "भाऊ, डावीकडून रडून राहिली गाडी," म्हणाले. मी म्हटलं, पट्टा सैल झाला असेल. पुढच्या कापणीला गवतावर पायऱ्या उमटल्या, एक ओळ बुटकी, एक उंच. मग मात्र गाडी शेडमध्ये घेतली, स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला केली, पट्टा उतरवला, पिना ओढल्या आणि दोघांनी मिळून डेक उलटा केला.

आत काळपट हिरवा थर, दोन बोटं जाड, गोवरीसारखा वाळलेला. खरवडायला लागलो तर थराबरोबर पत्र्याचेही पापुद्रे सुटले. गवत बाहेर फेकणाऱ्या तोंडापाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला. पोटात खड्डाच पडला. दर कापणीनंतर मी पाइप लावून गाडी वरून धूत होतो, रंग चकचकीत दिसायचा. ओलं गवत पत्र्याला चिकटून ओल धरून ठेवतं आणि गंज तिथूनच लागतो, हे मला माहीत होतं. खाली वाकून पाहिलं नाही, एवढंच.

पातं ज्या आसावर, बेअरिंगच्या आधाराने फिरतं तो स्पिंडल. डाव्या स्पिंडलचं पातं हाताने धरलं तर खालीवर खेळत होतं. पात्याचा बोल्ट इंची, १५/१६ चा. तो पाना आपल्याकडे नाही. २४ मिमीचा पाना किंचित सैल बसतो, पण पूर्ण आत बसवून जपून जोर दिला आणि निघाला. बेअरिंगवरचा नंबर पुसलेला. मापायचा व्हर्नियर लावला: बाहेरून ४० मिमी, जाडी १२. कॉटन मार्केटजवळच्या दुकानात सांगितलं, त्याने लगेच ६२०३ काढून दिलं. घरी आणून बसवतो तर शाफ्ट आत डुगडुगला. साध्या ६२०३ चं भोक १७ मिमीचं, आणि आमचा शाफ्ट ५/८ इंचाचा, म्हणजे १५.८८. बाहेरून तंतोतंत तेच माप, आतून मिलिमीटरभर मोठं. "पातळ पत्री गुंडाळून बसवा शाफ्टला, चालते," दुकानदार म्हणाला. मिनिटाला तीनएक हजार फेरे मारणाऱ्या पात्याखाली पत्री? मी नाही म्हटलं. इंची भोकाचं बेअरिंग मागवलं, त्यात सहा दिवस गेले. गेले तर गेले.

तेवढ्यात दिघोरीच्या वेल्डरकडे डेक नेला. तो गंजावरच ठिगळ ठोकायच्या तयारीत होता. मी म्हटलं, आधी सडकं कापा, खणखणीत पत्रा लागेपर्यंत. तळहाताएवढा तुकडा गेला. त्या जागी ३ मिमीचा पत्रा बसवला, तोही इथे एक टाका, तिथे एक टाका असं करत, म्हणजे डेक तापून वाकत नाही. आतली शिवण ग्राइंडरने सपाट करून घेतली. तिथे उंचवटा राहिला की गवत पुन्हा तिथेच अडकणार. स्पिंडल बसतात त्या जागा नीट पाहिल्या. कुठे तडा नव्हता, तेव्हा जीवात जीव आला.

पाती मी स्वतः घासली, थांबत थांबत. एकाच जागी ग्राइंडर धरला की धार निळी पडते आणि तिचं पाणी उतरतं. मग भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकाने अडकवून पाहिलं. जड बाजू हळूच खाली येते, तिकडून आणखी थोडं घासायचं. पातं आडवं, स्थिर राहिलं तो क्षण मला फार आवडतो.

जोडताना एक मोठी चूक होता होता टळली. स्पिंडलमध्ये दोन बेअरिंगच्या मधे एक छोटी नळी असते. ती न घालता नट आवळला की दोन्ही बेअरिंगवर आडवा ताण येतो आणि ती लवकरच जातात. मी नट हातात घेतला होता. मामांनी रॉकेलच्या घमेल्यातून नळी उचलून माझ्यासमोर धरली. काही बोलले नाहीत.

आज चाकांची हवा सारखी केली, मग डेकची लेव्हल. डावी-उजवी बाजू सारखी, आणि पुढची कड मागच्यापेक्षा पाचेक मिमी खाली. सुरू करून ऐकलं. एकच घुमणारा आवाज. मामा कान लावून उभे होते, म्हणाले, "हाव, आता बरोबर."

उजव्या स्पिंडललाही किंचित खेळ आहे, त्याचं बेअरिंग आजच सांगून ठेवलं. शेडच्या खिळ्याला एक लाकडी खरवडणी टांगली आहे.

मामा पोळ्यासाठी गावाला निघाले. मी म्हटलं, उद्या ऊन पडलं तर एक फेरी मारून पाहतो. ते फाटकातून परत फिरले. "उद्या नाही जुंपायची भाऊ. उद्या पोळा आहे."

चावी त्यांच्याकडेच दिली.