पाच फूट दोन इंच आणि चौतीस दाते

पहिल्या दुकानात सेल्समनने माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, “मॅडमसाठी बास्केटवाली दाखवू?” नवरा म्हणाला, “मला काय विचारता? मला सायकल चालवता येत नाही.” हे अगदी खरं आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्याचा एवढा उपयोग मला त्या दिवशी पहिल्यांदाच झाला.

मी शाळेत गणित शिकवते. वय सेहेचाळीस, उंची पाच फूट दोन इंच, घर नौपाड्यात. दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याहून दापोलीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, चार दिवसांत, सामान अगदी कमी, मुक्काम घरगुती खोल्यांत, एवढं ठरलं होतं. सायकल कुठली, हे ठरायला मात्र जूनपासून सप्टेंबर उजाडला.

मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिची हायब्रिड सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. तिच्यावरच मी सुरुवात केली. ऐरोलीच्या पुलावरून पाम बीच रोड, बेलापूर आणि परत. घरी आले तर उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. चहाचा कप धरताना जाणवलं. सरळ दांड्याचं हँडल तासन् तास एकाच जागी धरलं की तळहाताच्या कडेची नस दबते. शिवाय पुढे स्प्रिंगवाला शॉकअप. खड्ड्यात बरा वाटतो, पण ठाण्याजवळच्या येऊर टेकडीच्या चढावर पायडलवर जोर दिला की तो खाली-वर डोलतो आणि निम्मी ताकद त्याच्याच कौतुकात जाते. वजन पंधरा किलो.

एका बाबतीत मात्र ती सायकल शहाणी होती. पुढच्या सगळ्यात लहान चक्राला २८ दाते आणि मागच्या सगळ्यात मोठ्याला ३२. डोलत, धापा टाकत का होईना, येऊर मी तिच्यावर न उतरता चढले होते. तेव्हा याचं महत्त्व कळलं नाही.

मग दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच गोष्ट: सायकल उचलून दाखवतात. “बघा मॅडम, एका बोटावर!” बारीक टायर, मागे कॅरिअर लावायला भोक नाही, मडगार्डला जागा नाही. रेसच्या सायकली त्या. सायकल दोन किलोंनी हलकी घेऊन पाठीवर सहा किलोंची सॅक चढवायची, हे गणित मला पटेना. आणि माप? सगळ्यात लहान फ्रेमसुद्धा अशी की दांडा दोन पायांत घेऊन उभं राहिलं तर टाचा जमिनीला लागत नाहीत. “सीट खाली घेऊ, जमून जाईल,” असं तीन ठिकाणी ऐकलं. सीट खाली घेऊन उंची जमते, लांबी जमत नाही. सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर जास्त असलं की बाई सायकलवर बसत नाही, दोरीवरच्या साडीसारखी वाळत पडते.

शेवटी सायकल मिळाली वसंत विहारमध्ये, एका गृहस्थांकडे, तीन वर्षं वापरलेली. त्यांच्या मुलीसाठी घेतलेली, म्हणून फ्रेम ४९ सेंटिमीटरची. क्रोमोलीची म्हणजे मिश्रधातूच्या पोलादाची, खाली वळलेलं हँडल, मागे कॅरिअरची भोकं, ३२ मिलिमीटरचा टायर मडगार्डसकट बसेल इतकी जागा, साडेअकरा किलो. किंमत बत्तीस हजार. पोलाद रस्त्याचे धक्के पितं असं जाणकार डोळे मिटून सांगतात. माझं मत, धक्के पितो तो टायर. पोलाद मी घेतलं ते भोकांसाठी आणि जागेसाठी.

“एक चक्कर मारून बघा,” ते म्हणाले. येऊर तिथून जवळच. गेटपाशी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात पैसे देऊन मोकळी झाले होते. चढ लागला आणि निम्म्यात उतरले. हलकी सायकल, सामान शून्य, तरी उतरले. पंधरा किलोंच्या डोलणाऱ्या सायकलवर जो चढ निघाला, तो साडेअकरा किलोंवर निघेना. तिथेच रस्त्याच्या कडेला बसून दाते मोजले. पुढे ३४, मागे २८.

घरी येऊन वहीत मांडलं. ३२ मिलिमीटरच्या टायरचं चाक एका फेऱ्यात साधारण २.१५ मीटर जातं. ३४ भागिले २८ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.६ मीटर पुढे. मिनिटाला साठ फेरे धरले तर ताशी ९.४ किलोमीटर. याहून हळू जायचं तर फेरे कमी करायचे, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त, आणि तो जोर गुडघ्यातून. मागे ३४ दात्यांचं चक्र टाकलं की पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. त्याच साठ फेऱ्यांना ताशी ७.७. आकडा लहान दिसतो, पण चढावर जोर सरळ अठरा टक्क्यांनी उतरतो. मुलीच्या सायकलचा गिअर याहूनही हलका होता, पण तिथपर्यंत जायचं तर पुढची चक्रंही बदलावी लागली असती. ते राहू दिलं.

ओळखीतले एक सायकलवाले म्हणाले, “चौतीस? तो म्हाताऱ्यांचा गिअर.” बोलले ते बोलले. सायकलवर गिअर हवेत म्हणून हयातभर भांडलेला पॉल द व्हिवी नावाचा फ्रेंच माणूस, ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहायचा, तो १९३०मध्ये गेला. आणि टूर द फ्रान्स या शर्यतीवाल्यांनी डिरेल्युअरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलणाऱ्या यंत्रणेला, परवानगी दिली १९३७मध्ये. तोपर्यंत त्यांच्याही मते गिअर बदलणं मर्दांचं काम नव्हतं. मी तर मर्द नाहीच, तेव्हा प्रश्न मिटला.

काम केलं चरईतल्या काकांनी. त्यांचं दुकान म्हणजे एक टपरी, वर टांगलेले रिम, खाली ग्रीसच्या डब्यात पोहणारे छर्रे. माझ्या दोन विद्यार्थ्यांचे ते आजोबा, त्यामुळे मी ‘बाई’.

“बाई, हे फ्रीव्हील नाय, कॅसेट आहे. आख्खं वेगळं काम,” ते म्हणाले. दोन्ही म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा गठ्ठाच, पण जुन्या सायकलला फ्रीव्हील आट्यांवर चढतं. कॅसेटच्या चकत्या चाकाच्या मधल्या हबच्या खाचांत सरकतात आणि वरून एका रिंगने आवळतात. ती रिंग सोडवताना चकत्या उलट फिरू नयेत म्हणून चेनचा तुकडा लावलेला पाना लागतो. तो काकांनी स्वतः बनवलेला होता, लोखंडी पट्टीला भंगारातली चेन रिव्हेट करून.

नुसती कॅसेट बदलून भागलं नाही. मागचा आखूड डिरेल्युअर ३४ दात्यांना पुरत नाही, त्याच्या जागी लांब पिंजऱ्याचा शिमानोचा ‘सोरा’ आला. चेनही नवी, कारण जुनी आखूड पडली. तिची लांबी मापायची काकांची रीत मला फार आवडली: चेन डिरेल्युअरमधून न ओवता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावरून गुंडाळायची, टोकं जुळतात तिथून पुढे आणखी एक इंच, आणि तिथे तोडायची. चुकून कोणी मोठ्यावर मोठं लावलंच तर चेन ताणून डिरेल्युअर मोडत नाही. सगळं बसल्यावर सगळ्यात मोठ्या चक्रावर घरघर येत होती. काकांनी मागचा एक बारीक स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळत नेला, कान चक्राजवळ, डोळे मिटलेले, तंबोरा लावावा तसे. घरघर थांबली. एकूण साडेसहा हजार, त्यात काकांची मजुरी तीनशे, आणि तीही घेताना लाजले.

बसण्याचं माप घरीच घेतलं. भिंतीला पाठ लावून उभी राहिले, लॉग टेबलचं पुस्तक दोन पायांत घट्ट वर धरलं, नवऱ्याने भिंतीवर पेन्सिलची खूण केली. ७१ सेंटिमीटर. याला ०.८८३ने गुणायचं. हे सूत्र टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जातं. उत्तर ६२.७, म्हणजे पायडलच्या दांड्या ज्या मधल्या आसावर फिरतात, तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत. चाळीस किलोमीटरनंतर गुडघ्याच्या मागे ओढ बसू लागली. मागे दुखलं तर सीट उंच, पुढे दुखलं तर सीट खाली, हा ढोबळ नियम. ६२वर आणली, ओढ गेली. हँडलला फ्रेमशी जोडणारी मान १०० मिलिमीटरची होती, ती ७०ची केली. ब्रेकच्या मुठी माझ्या बोटांना लांब पडत होत्या. त्या जवळ आणायला आत एक स्क्रू असतो. आधीच्या तीन वर्षांत तो कोणी हलवलाही नव्हता.

सीटबद्दल बायका एकमेकींशी कुजबुजत बोलतात, म्हणून इथे मोठ्याने लिहिते. मऊ, रुंद, जेलवाली सीट तासाभराने छळते. वजन दोन हाडांवर यायला हवं आणि मऊ सीटमध्ये ती हाडं बुडून बाकीचं सगळं दबतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा पायरीवर ठेवला, त्यावर पुढे वाकून बसले, उठून दोन खळगे मोजले: साडेबारा सेंटिमीटर. त्यात दोन-अडीच मिळवून सीटची रुंदी. कडक, मध्ये खाच असलेली, १५० मिलिमीटरची मिळाली. पॅडची शॉर्ट आत काहीही न घालता नेसायची, हे मला एकाही दुकानात कोणी सांगितलं नाही. शिवण घासून पहिल्या आठवड्यात जे झालं ते नको.

आता सामान. हल्ली सीटमागे लांब पिशवी आणि हँडलला वळकटी बांधायची पद्धत आहे, कॅरिअर नाही, म्हणून हलकं. मीही पिशवी आणली. बांधली आणि चाक फिरवलं तर खर्रर्र. लहान फ्रेम, मोठं चाक, खाली घेतलेली सीट, यात पिशवीला जागाच उरत नाही. उंच माणसांनी उंच माणसांसाठी काढलेली युक्ती ती! परत केली. साधं अल्युमिनिअमचं कॅरिअर लावलं, दोन बाजूंना छोट्या झोळ्या. टाच झोळीला लागेल असं सगळे म्हणत होते, पण माझ्या पायाचं माप चार. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा फायदा झाला.

सामान आधी अकरा किलो भरलं होतं. सासूबाईंनी मेथीचे लाडू घातले तेव्हा साडेअकरा. मग एकेक जिन्नस स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायला सुरुवात केली. जीन्स ६२० ग्रॅम, बाहेर. टॉवेल ३८०, त्याऐवजी पंचा ११०. पुस्तक बाहेर. पेपर तपासायला न्यावेत असा एक दुष्ट विचार आला होता, तोही बाहेर. दोन ट्यूब, पंक्चरचा डबा, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, अ‍ॅलन की, चेन तोडायचं हत्यार, चेनची एक जोडकडी, हे मिळून नऊशे ग्रॅम, त्याला हात लावला नाही. शेवटी ५.८ किलो. लाडू धरून.

एकदाच पडले, आणि तेही तलावपाळीला, भर गर्दीत, ताशी चारच्या वेगात. लहान फ्रेमवर हळू वळताना पावलाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. मडगार्ड लावल्यावर आणखीच. एक भेळवाला “लागलं का ताई?” म्हणत धावत आला. मार कोपराला लागला, पण तिथे दोन माजी विद्यार्थिनी उभ्या होत्या, ते जास्त लागलं. उपाय एकच: हळू वळताना पायडल मारायचं नाही, वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पाय मागे ठेवायचा. वेगात हँडल एवढं वळतच नाही, त्यामुळे तिथे धोका नाही.

दिवाळी झाली. पहाटे पाचला निघाले, एलबीएस मार्गाने भाऊचा धक्का, तिथून रो-रो बोटीने मांडवा. महामार्गावरची पनवेल-पेणची धूळ त्यामुळे टळली. अलिबाग, रेवदंडा, काशीद. हवा मागे साठ, पुढे पन्नास पीएसआय. पेट्रोल पंपावरचा मुलगा डोळे झाकून नव्वद भरत असे तेव्हा दात वाजायचे.

काशीदच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ट्यूब काढली, भोक सापडलं, पण नवी ट्यूब लगेच घातली नाही. काकांनी बजावलं होतं, “आधी कारण काढा, मग ट्यूब.” टायरच्या आतून बोट फिरवू नका, चिंधी फिरवा, हेही त्यांचंच. रुमाल फिरवला. एका ठिकाणी धागा अडकला. केसाएवढी पोलादी तार, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली, बाहेरून दिसतसुद्धा नव्हती. नखांनी निघेना, शेवटी भुवया कोरायच्या चिमट्याने ओढली. हातपंपाने चाळीसच्या वर हवा जाईना, तशीच पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत गेले. त्याची नळी मोटारच्या व्हॉल्व्हची, माझा व्हॉल्व्ह बारीक. चिंचोक्याएवढं पितळी टोपण खिशात होतं, वीस रुपयांचं. ते लावलं आणि काम झालं. पंक्चरवाल्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “दुसरं आहे का?” होतं. देऊन टाकलं.

आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट, मग दिवेआगर, आरावी, शेखाडी, श्रीवर्धन. या किनाऱ्याला सपाटी म्हणजे दोन चढांमधला श्वास. बागमांडल्याहून बोटीने वेसवीला उतरले आणि केळशीकडे जाणारा चढ सुरू झाला. दुपारचे अकरा, ऊन डोक्यावर. चेन चौतीसवर टाकली. साठ फेरे वगैरे वहीत, इथे चाळीस पडत होते. चाळीस म्हणजे ताशी ५.२.

शेजारून एक मावशी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चालल्या होत्या. ना त्या मला मागे टाकत, ना मी त्यांना.

“कुठनं आलीस गो?”

“ठाण्याहून.”

“यावरनं?”

मी मान हलवली, बोलायला दम नव्हता. त्यांनी कॅरिअरकडे बघितलं, झोळ्यांकडे बघितलं.

“एवढंच सामान? मग माझी मोळी ठेव की मागं.”

हसताना सायकल डगमगली, पण पाय टेकला नाही. वळणापर्यंत आम्ही बरोबरच होतो. तिथे त्यांची वाडी आली आणि त्या पायवाटेला लागल्या.